नोटीस कोणत्या कलमाची? पुण्यात नवा गाळा घेणाऱ्यांसाठी वीज आणि कोळसा कायद्यांतील दंड व कारवाईचे मार्गदर्शन

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ मशिने बसवणारा तरुण, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत अभ्यासिका काढणारा पदवीधर, कोथरूडच्या सदनिकेतून डबे पुरवणारी गृहिणी आणि कुरकुंभला लहान बॉयलर लावणारा उद्योजक यांचे धंदे निरनिराळे असले, तरी सुरुवातीची एक चूक बहुतेकांकडून सारखीच होते. भाडेकरार, अनामत रक्कम, जीएसटी नोंदणी या गोष्टी ते बारकाईने पाहतात; विजेच्या बाबतीत मात्र ‘मीटर चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानतात. मग एके दिवशी महावितरणचे पथक तपासणीला येते, एक कागद हातात पडतो आणि धावपळ सुरू होते. अशा प्रसंगी माणसे दंडाच्या आकड्याकडे आधी पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, आधी त्या कागदावरचे कलम पाहावे. कारण कोणत्या कार्यालयात जायचे, किती दिवसांत जायचे आणि किती पैसे आधी भरायचे हे सारे त्या कलमावर ठरते, आणि चुकीच्या खिडकीसमोर गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

पहिली पायरी : करारावर सही करण्यापूर्वी

गाळ्याच्या मालकाकडून मागच्या बारा महिन्यांची वीजबिले मागून घ्यावीत. बिलावर ग्राहकाचे नाव, ग्राहक क्रमांक, दरवर्गवारी, मंजूर भार आणि थकबाकी या पाच गोष्टी वाचाव्यात. दरवर्गवारी घरगुती आणि तुम्ही टाकणार दुकान, किंवा मंजूर भार ५ किलोवॉट आणि तुमची यंत्रे १२ किलोवॉटची, अशी स्थिती असेल, तर भार वाढवून घेण्याचा आणि वर्गवारी बदलण्याचा अर्ज यंत्र बसवण्याच्या आधी करावा. मालक ‘नंतर बघू’ म्हणाला, तर अर्जाची जबाबदारी कोणाची हे करारातच लिहून घ्यावे. कारवाईच्या वेळी जागेत प्रत्यक्ष वीज वापरणाऱ्यालाच उत्तर द्यावे लागते आणि तेव्हा तोंडी आश्वासनाचा काही उपयोग होत नाही.

थकबाकीचा मुद्दा विशेष जपण्यासारखा आहे. लिलावात किंवा जुन्या मालकाकडून जागा घेणाऱ्याला वाटते की, आधीचे बिल आधीच्या माणसाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात असे ठरवले की, नियमांत तशी तरतूद असेल, तर नवी जोडणी देण्याआधी त्या जागेवरील जुनी थकबाकी भरण्याची अट वीज कंपनी घालू शकते. त्यामुळे थकबाकी नसल्याचा लेखी पुरावा हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण करू नये.

ताबा घेताना मीटर, त्याची सीले, मीटरपेटी आणि तिथपर्यंत आलेली केबल यांचे तारखेसह फोटो काढावेत. सील तुटलेले दिसले, तर त्याच दिवशी महावितरणला लेखी कळवून पोच घ्यावी. विद्युत कायद्यात अशी तरतूद आहे की, मीटरला वळसा घालणारे किंवा नोंद कमी करणारे कृत्रिम साधन जागेत असल्याचे सिद्ध झाले, तर उलट सिद्ध होईपर्यंत वापरणाऱ्यानेच अप्रामाणिकपणे वीज घेतली असे गृहीत धरले जाते. ताब्याच्या दिवसाचा फोटो आणि पोच हाच तेव्हा उपयोगी पडणारा पुरावा असतो.

दुसरी पायरी : वापराचा प्रकार नीट ठरवणे

विद्युत कायदा, २००३ मधील कलम १२६ खाली ‘अनधिकृत वापर’ या शब्दांत वायर मीटरबाहेरून घेण्याशिवाय बरेच काही येते. मंजूर हेतूहून वेगळ्या हेतूसाठी वापर आणि मंजूर जागेव्यतिरिक्त दुसऱ्या जागेला दिलेली वीज, म्हणजे शेजारच्या गाळ्याला सहज म्हणून ओढून दिलेली वायर, हे दोन्ही त्यात स्पष्टपणे आहेत. मंजूर भारापेक्षा जास्त भार वापरणे हेही या कलमात बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ओडिशातील सीताराम राइस मिलच्या प्रकरणात सांगितले. त्याच वेळी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांत करार मागणी (म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेणार याची करारात ठरलेली मर्यादा) ओलांडणाऱ्यांसाठी जादा मागणी आकाराची वेगळी तरतूद केलेली असते, म्हणून मोठ्या जोडणीच्या ग्राहकाने चालू दर-आदेशातील तो परिच्छेद स्वतः वाचावा.

घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांना आयोगाने थोडा दिलासा दिला आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दर लागू राहतो, अशी तरतूद आयोगाच्या दर-आदेशांत आलेली आहे. घरी शिकवणी घेणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते विनाकारण घाबरतात. उलट, पूर्ण सदनिका वसतिगृहासाठी किंवा कार्यालयासाठी दिलेली असताना घरगुती दराने बिल भरत राहणारे निर्धास्त असतात. ही सवलत त्यांच्यासाठी नाही.

तिसरी पायरी : पथक आल्यावर

अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, नाव व पद टिपून घ्यावे आणि तपासणीला अडथळा करू नये. घरगुती जागेची तपासणी किंवा झडती सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घ्यायची असेल, तर तिथे राहणाऱ्या प्रौढ पुरुष सदस्याची उपस्थिती कायद्याने आवश्यक ठेवली आहे. वीजचोरीच्या झडतीत जागेतला माणूस किंवा त्याच्या वतीने कोणीतरी हजर राहिले पाहिजे, जप्त वस्तूंची यादी झाली पाहिजे आणि ती त्याला दिली गेली पाहिजे.

पंचनाम्यावर किंवा स्थळ तपासणी अहवालावर सही मागितली जाते. इथे दोन टोके दिसतात: काही जण न वाचता सही करतात, काही जण सही करायलाच नकार देतात. वाचून, आणि जे मान्य नाही ते सहीशेजारीच स्वतःच्या अक्षरात लिहून सही करणे हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. बंद पडलेले मशीनही अहवालात चालू भारात धरले असेल, तर तिथेच ‘हे मशीन नादुरुस्त आहे, जोडलेले नाही’ असे लिहावे. पुढे आकारणी याच भारावरून होते. अहवालाची प्रत घेतल्याशिवाय पथकाला निरोप देऊ नये.

चौथी पायरी : कागद कलम १२६ चा असेल तर

ही दिवाणी स्वरूपाची आकारणी आहे. यात अटक नाही. निर्धारण अधिकारी, म्हणजे आकारणी ठरवणारा अधिकारी, आधी तात्पुरता निर्धारण आदेश बजावतो. अनधिकृत वापर जितका काळ चालला तितक्या काळाची आकारणी होते. तो काळ ठरवता येत नसेल, तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांपुरतीच होते. दर संबंधित वर्गवारीच्या दराच्या दुप्पट असतो. समजा, तुमचा वापर व्यावसायिक दराने मोजला असता महिन्याला ६,००० रुपये झाला असता, तर बारा महिन्यांचे ७२,००० आणि दुप्पट दराने १,४४,००० रुपये होतात. त्या बारा महिन्यांत तुम्ही घरगुती दराने भरलेली रक्कम हिशेबात कशी धरली आहे, हे लेखी विचारावे.

आता दिवस मोजण्याची वेळ येते. तात्पुरता आदेश मान्य असेल, तर तो मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम भरता येते. मान्य नसेल, तर लेखी हरकत द्यावी आणि सुनावणी मागावी; अधिकाऱ्याने तात्पुरता आदेश बजावल्यापासून तीस दिवसांत अंतिम आदेश द्यायचा असतो. सात दिवसांतली ती कबुली फार विचार करून द्यावी, कारण दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर पुढे अपील चालत नाही. वीज तुटेल या भीतीने घाईने ‘मान्य’ लिहून पैसे भरणारे गाळेधारक मी पाहिले आहेत. महिन्याभरानंतर भार चुकीचा मोजल्याचे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा अपिलाचा रस्ता बंद झालेला होता.

अंतिम आदेशावर कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येते. महाराष्ट्रात हे अपील राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षकाकडे जाते आणि त्यासाठी निर्धारित रकमेच्या निम्मी रक्कम, वरच्या उदाहरणात ७२,००० रुपये, आधी भरावी लागते. २००७ च्या दुरुस्तीपूर्वी हा हिस्सा एक तृतीयांश होता, त्यामुळे जुन्या लेखांतला आकडा पाहून पैशांची तजवीज करू नये. आदेशानंतर तीस दिवसांत रक्कम न भरल्यास वार्षिक १६ टक्के दराने, दर सहा महिन्यांनी चक्रवाढ होणारे व्याज लागते.

बहुतेकांची चूक होते ती इथे. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच हे नाव ऐकून माणसे तिकडे अर्ज करतात. बिलातील चुका, मीटर बदलण्यातील दिरंगाई, जोडणीला उशीर या तक्रारींसाठी तो मंच आहे आणि उपयोगीही आहे. कलम १२६ ची आकारणी आणि वीजचोरीची प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. दिवाणी न्यायालयालाही कलम १४५ ने कलम १२६ च्या विषयात मनाई केली आहे. मंचाने महिन्याभराने अर्ज परत केला, की विद्युत निरीक्षकाकडची तीस दिवसांची मुदत उलटून गेलेली असते.

पाचवी पायरी : कागद कलम १३५ चा असेल तर

हा फौजदारी गुन्हा आहे. आकडा टाकणे, मीटरला बायपास करणे, मीटरमध्ये फेरफार करणे, तसेच अप्रामाणिक हेतूने मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हे सारे त्यात येते. शेवटचा प्रकार कलम १२६ मध्येही असल्यामुळे, हेतू अप्रामाणिक होता की नुसती वर्गवारी बदलायची राहिली होती, यावर प्रकरणाची दिशा ठरते. म्हणूनच आधी केलेला वर्गवारी बदलाचा अर्ज, तो अजून मंजूर झालेला नसला तरी, मोलाचा असतो.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. भार १० किलोवॉटपर्यंत असेल, तर पहिल्या दोषसिद्धीला दंड चोरीतून झालेल्या आर्थिक लाभाच्या किमान तिप्पट आणि पुढच्या वेळी किमान सहापट असतो. भार १० किलोवॉटहून जास्त असेल, तर पहिल्या वेळी दंड तसाच तिप्पट; दुसऱ्या वेळी मात्र किमान सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि किमान सहापट दंड होतो, शिवाय तीन महिने ते दोन वर्षे कोणत्याही स्रोतातून वीजपुरवठा घेण्यास बंदी येते. कारखान्यासाठी ही बंदी तुरुंगाइतकीच जड असते, कारण ऑर्डर घेतलेले ग्राहक तीन महिने थांबत नाहीत.

चोरी आढळली, की अधिकृत अधिकारी तिथल्या तिथे पुरवठा तोडू शकतो; त्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस लागत नाही. पुरवठा तोडल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे लेखी तक्रार देणे मात्र त्याच्यावर बंधनकारक आहे. निर्धारित रक्कम भरल्यावर अठ्ठेचाळीस तासांत पुरवठा पूर्ववत करायचा असतो आणि त्याने फौजदारी तक्रार संपत नाही. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पुण्यात असे खटले शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, विशेष न्यायालय म्हणून नेमलेल्या न्यायाधीशांपुढे चालतात. चोवीस तासांच्या आतच फौजदारी काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. बिलाच्या वादासारखे हे प्रकरण सावकाश हाताळता येत नाही.

कलम १५२ मध्ये तडजोडीची सोय आहे. कायद्यातल्या मूळ तक्त्याप्रमाणे औद्योगिक जोडणीला दर किलोवॉट किंवा अश्वशक्तीमागे २०,००० रुपये, व्यावसायिक जोडणीला १०,०००, शेतीला २,००० आणि इतरांना ४,००० रुपये तडजोड शुल्क आहे. शासन हे दर अधिसूचनेने बदलू शकते. मूळ दराने १५ किलोवॉटच्या औद्योगिक शेडचे तडजोड शुल्क ३,००,००० रुपये होते, आणि चोरलेल्या विजेच्या बिलाची आकारणी त्याहून वेगळी असते. तडजोड स्वीकारली गेली, की ती निर्दोष सुटकेसारखी मानली जाते. पण एका व्यक्तीला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून किरकोळ प्रकरणात ती वापरून टाकण्यापूर्वी पुरावा खरोखर किती भक्कम आहे हे वकिलाबरोबर तपासावे.

भागीदारी किंवा कंपनी असेल, तर कलम १४९ लक्षात घ्यावे. त्या वेळी कारभाराची जबाबदारी ज्याच्याकडे होती, तो दोषी मानला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे असते. ‘वायरमनने परस्पर केले’ हे उत्तर म्हणून पुरत नाही. चोरीला मदत करणारा कंत्राटदार, पर्यवेक्षक किंवा वायरमनही कलम १५० खाली शिक्षेला पात्र असतो आणि त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. मीटर ‘स्लो’ करून देतो म्हणणारा माणूस औद्योगिक वसाहतीत फिरताना दिसला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

थकबाकी आणि तोडलेली जोडणी

थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिल वादग्रस्त असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी, बिलात सलग थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम मागण्यावर याच कलमात बंधन आहे. २०२० च्या रहमतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अशा रकमेसाठी पुरवठा तोडता येत नाही, पण वसुलीचे इतर मार्ग खुले राहतात.

तोडलेला पुरवठा स्वतः जोडून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १३८ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चार हजारांच्या थकबाकीचे रूपांतर फौजदारी खटल्यात होण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा

नव्या लहान उद्योगाला ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ क्वचितच लागतो. मोठ्या प्रमाणात ऊर्जा वापरणारे नामनिर्देशित ग्राहक आणि १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यावसायिक इमारती त्याच्या कक्षेत येतात. दंड १० लाख रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला १०,००० रुपयांपर्यंत असू शकतो. राज्यात हे काम महाऊर्जा ही राज्य शासनाची ऊर्जा विकास संस्था पाहते आणि तिचे मुख्यालय पुण्यातच औंध रस्त्यावर आहे, तेव्हा शंका असल्यास प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. पंखे, एसी, फ्रिज विकणाऱ्या नव्या दुकानदाराने मात्र तारांकन सक्तीचे असलेले उपकरण लेबलशिवाय दुकानात ठेवू नये. २०२२ च्या दुरुस्तीने अशा उपकरणांसाठी प्रतिनग २,००० ते ५,००० रुपयांच्या अतिरिक्त दंडाची तरतूद आणली आहे.

कोळसा जाळणाऱ्यांसाठी

पुणे जिल्ह्यात कोळशाच्या खाणी नाहीत. राज्यातला कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर भागांतल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून येतो. त्यामुळे इथला प्रश्न खरेदी, वाहतूक, साठा आणि धूर यांचा आहे. खाण व खनिज कायदा, १९५७ च्या कलम ४(१अ) प्रमाणे नियमबाह्य रीतीने खनिजाची वाहतूक किंवा साठवण करता येत नाही. उल्लंघनाला कलम २१ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास आणि हेक्टरी ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि कोळशासह वाहनही जप्त होऊ शकते. स्वस्त मिळतो म्हणून विनाबिलाचा ट्रक उतरवून घेणाऱ्याच्या अंगणात त्याचा साठाच पुरावा ठरतो. प्रत्येक ट्रकमागे कर बीजक, ई-वे बिल, वाहतूक परवाना आणि वजनकाट्याची पावती एका फाइलमध्ये लावावी. कागदांविना माल रस्त्यात अडवला गेला आणि मालक पुढे आला, तरी जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली देय कराच्या दुप्पट दंड भरल्यावरच तो सुटतो. लहान उद्योगांसाठी राज्याने नेमलेल्या संस्थेमार्फत मिळालेला कोळसा तर स्वतःच्या कारखान्यातच वापरायचा असतो. तो बाजारात विकणे म्हणजे पुरवठा थांबवण्याला आणि चौकशीला आमंत्रण देणे.

बॉयलर असेल, तर बाष्पके संचालनालयाची नोंदणी आणि वापराचे प्रमाणपत्र चालू असले पाहिजे. १९२३ च्या जुन्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, म्हणून सल्लागाराने दिलेला मसुदा कोणत्या कायद्याचा हवाला देतो ते पाहावे.

धुराच्या बाबतीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन संमती लागतात, एक उभारणीची आणि दुसरी चालवण्याची. मंडळाचे पुण्यातील प्रादेशिक कार्यालय वाकडेवाडीला आहे. संमतीपत्रात इंधनाचा प्रकार, त्याचे प्रमाण आणि धुराड्याची उंची लिहिलेली असते, याकडे नवे उद्योजक हमखास दुर्लक्ष करतात. संमती ब्रिकेटची (शेतातला किंवा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या इंधन-विटांची) आणि जळतो कोळसा, अशी स्थिती असेल, तर धूर मर्यादेत असला तरी संमतीच्या अटीचा भंग झालेला असतो. इंधन बदलण्याआधी संमतीत दुरुस्ती करून घ्यावी. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने हवेच्या प्रदूषणाबाबतच्या हवा कायद्यातल्या कारावासाच्या अनेक तरतुदी काढल्या आणि त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आणली. कारावास गेला म्हणून कारवाई सौम्य झाली, असा अर्थ मी काढणार नाही. हवा कायद्याच्या कलम ३१अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचा आणि त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. असा आदेश महावितरणकडे गेला, की बिल वेळेवर भरलेले असूनही जोडणी तुटते. त्यामुळे मंडळाची प्रस्तावित आदेशाची नोटीस आली, तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच लेखी उत्तर, धुराड्याच्या तपासणीचा अहवाल आणि संमतीपत्राची प्रत वाकडेवाडीच्या कार्यालयात द्यावी आणि आवक-शिक्का असलेली पोच घेऊनच परत यावे.